श्रद्धेची साक्ष

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव या नावाचे एक मोठे रुग्णालय आहे. नाव ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारावेत, आणि ते साहजिकच होय. हिंदूराव हे कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यानंतर त्याचा येथील बंगला हिंदूरावांनी घेतला, आणि त्यांचे नाव या जागेस कायमचे चिकटले.

याच टेकडीवर, रुग्णालयापासून जवळच, अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मीरतहून आणविला. पुढे एका स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ साली ते सांधून तो पुन्हा उभा करण्यात आला. आपल्याला जे सत्य गवसले ते चारचौघांना सांगावे, या एकाच ओढीने एका सम्राटाने दगडावर अक्षरे कोरविली. तीही पंडितांच्या संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या प्राकृतात. परंतु याच अशोकाने गिरनार येथील बाराव्या शिलालेखात असेही बजावले आहे की, वाणीवर संयम ठेवावा. आपल्या पंथाची थोरवी गाण्यासाठी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. बोलावे, पण दुखवू नये. श्रद्धा वाटू इच्छिणाऱ्या प्रत्येकापुढे, आणि विशेषतः ख्रिस्ती माणसापुढे, हाच प्रश्न उभा असतो.

ख्रिस्ती धर्मात शुभवर्तमान सांगणे हे केवळ पाद्र्यांचे काम मानलेले नाही. तथापि आपल्याकडील पुष्कळ ख्रिस्ती माणसे या बाबतीत संकोचतात. शेजारी काय म्हणतील, आपल्या हेतूविषयी शंका तर घेणार नाहीत ना, ही भीती त्यांच्या मनात असते. ती निराधारही नाही. सोळाव्या शतकात गोव्यातील साष्टी प्रांतात राजसत्तेच्या बळावर देवळे पाडली गेली, ही गोष्ट विसरता येत नाही. परंतु त्याच भूमीत १५७९ साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येथल्या लोकांची भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. आज त्या हुकमतीची आठवण खेदाने होते. ओवी मात्र अजून आदराने वाचली जाते.

नारायण वामन टिळकांची कथा याहूनही बोलकी आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत त्यांस एक अनोळखी युरोपीय प्रवासी भेटला. त्याने वाद घातला नाही. त्याने टिळकांशी काव्याविषयी गोष्टी केल्या आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत हाती देऊन ती वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी वचन पाळले. पर्वतावरील प्रवचनापाशी त्यांचे मन खिळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवाशाने एवढेच केले; उरलेले काम त्या ग्रंथाने आणि वाचणाऱ्याच्या विवेकाने केले.

त्या निर्णयाची किंमत मात्र टिळकांच्या घराने मोजली. लक्ष्मीबाई पतीपासून काही वर्षे दूर राहिल्या. त्या दिवसांचे दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निर्व्याजपणे सांगितले आहे. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तरी आपले सोवळे त्यांनी एकदम सोडले नाही, आणि टिळकांनीही आपली श्रद्धा त्यांच्यावर लादली नाही. स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पावलांनी चालत त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्ण केले. ही वाट पाहण्याची तयारी नसती, तर हे सहकार्य घडले असते काय?

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली त्याचा अर्थ स्पष्ट केला: आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा नव्हे. कायद्याची ही रेषा काहींस अडचणीची वाटते. परंतु साक्षीदाराचे काम तरी याहून वेगळे कोठे आहे? साक्षीदार आपण पाहिले, अनुभवले ते सांगतो. निवाडा त्याच्या हाती नसतो. पेत्रानेही आपल्या पत्रात, आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने द्यावे, असेच सांगितले आहे. आधी कोणी विचारावे असे आपले जगणे हवे, हे त्यात आलेच.

म्हणून रुग्णाच्या उशाशी बसलेल्या ख्रिस्ती माणसाने त्याच्या असहायतेचा फायदा घेऊन उपदेश करू नये. त्यास पाणी द्यावे, त्याची उशी सारखी करावी. तो बरा झाल्यावर कधी त्याने विचारलेच, “तुम्ही हे का करता?”, तर मात्र संकोचाने मान खाली घालू नये. त्या प्रश्नाला प्रांजळ, त्याच्या भाषेतले आणि थोडक्यात उत्तर द्यावे. नंतर त्याचे म्हणणेही तितक्याच आस्थेने ऐकून घ्यावे.