तारेला ओवलेली पाकिटं

जुन्या बाजारात तिकिटासकट पाकीट हाती लागलं की आपल्याकडचे बहुतेक जाणकार आधी तिकीट ओळखतात, मग कॅटलॉग उघडतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. या मंडळींशी माझं फार वर्षांपासून पटत नाही. पाकीट निघालं कुठून, पोचलं कुठे, वाटेत कोणते शिक्के पडले, लावलेलं तिकीट त्या दिवसाच्या दराला आणि वजनाला जुळतं का, एवढं पाहिल्याशिवाय भाव सांगूच नये.

१८५४ची अर्ध्या आण्याची निळी राणी, चार आण्यांचं दुरंगी तिकीट, १५ ऑगस्ट १९४८ची गांधीजींची मालिका यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पहिल्या दिवसाची सजवलेली पाकिटं तर बहुतेक टपालातून गेलेलीच नसतात; त्यांच्यावर मी शाई खर्च करणार नाही. त्यापेक्षा कमी तिकिटाचं, दुप्पट आकार लागलेलं बैरंग पाकीट मला मोलाचं वाटतं. असंच दुसरं दुर्लक्षित उदाहरण घ्या. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून पत्रामागे पाच पैसे जादा घेत. त्यासाठीची छापील तिकिटं पुरेनात तेव्हा काही ठिकाणी साध्याच तिकिटांवर रबरी शिक्के उठवले गेले. अशी पाकिटं आजही रद्दीच्या भावात मिळतात. अर्थात रबरी शिक्का बनवणं सोपं, म्हणून मागचा पोचल्याचा शिक्का आणि तारीख जुळवून घ्यावी.

पण मला लिहायचंय ते आमच्या भागाबद्दल. मी ईट गावचा. भूम-परंड्याचा हा मुलूख निजामाचा, आणि निजामाचं टपाल स्वतःचं होतं. १८६९पासून त्याची स्वतंत्र तिकिटं निघाली, ती संस्थानाच्या हद्दीतच चालायची. बार्शी इंग्रजी अमलात, सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे भूमहून दूरच्या वरंगळला पत्र धाडायला निजामाचं तिकीट पुरायचं, आणि हाकेवरच्या बार्शीला धाडायला इंग्रजी तिकीट लागायचं. पैसाही वेगळा, निजामाचे साधारण सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा कलदार. आमच्याकडचा भुसार माल मात्र जायचा बार्शीच्याच आडतीत. बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये सुरू झाली, १९११मध्ये लातूरला पोचली, आणि या बाजाराचा पसारा वाढतच गेला. मालामागे पत्रं आली. मोडीत लिहिलेला पत्ता, आत भाव, पोत्यांचा हिशेब, हुंडीची तगादापत्रं. एका गल्लीतल्या दोन दुकानांच्या पत्रव्यवहारात दोन राज्यांची तिकिटं सापडतात, ती याच कारणाने. अशी दोन पाकिटं शेजारी ठेवली की हद्द कुठून जात होती ते नकाशा न उघडता कळतं.

१९३१च्या निजामी मालिकेत आपला मराठवाडा आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. एक आण्याचा चारमिनार ढिगाने मिळतो, म्हणून कॅटलॉगवाले त्याचं पाकीट बाजूला टाकतात. त्यावर तालुक्याच्या गावचा उर्दू शिक्का स्वच्छ उठला असेल तर मी ते उचलतो. उर्दू आणि मोडी वाचता येत नसेल त्याने निजामी पाकिटांचा भाव करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा वाद भोकाचा. आडतवाले आलेली पत्रं लोखंडी तारेला ओवून टांगायचे, त्यामुळे त्या पाकिटांना मधोमध भोक असतं, कडेला गंज असतो. मोठ्या शहरांतले काही परीक्षक लगेच निम्मी किंमत कापतात. ते भोक म्हणजे पाकीट दुकानात पोचलं, वाचलं गेलं आणि दप्तरी लागलं याची खूण आहे. खरी हानी करतात कसर, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन.

आमच्या लहानपणी मास्तरांनीच आम्हाला तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायला शिकवलं. त्या हौसेपायी केवढा इतिहास कोपरा कापून फेकला गेला! आजही विक्रेते तेच करतात, कारण सुटं तिकीट पटकन खपतं. आता तर २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. टपालावर बारकोडची चिठ्ठी येते. तिकीट क्वचित, आणि शिक्का आलाच तर वाचता न येणारा. आजच्या पाकिटांतून पुढच्या संग्राहकाने काय वाचायचं, याचं मला दुःख आहे.

पुन्हा आमच्या भागाकडे येतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा मुक्तिदिन १७ सप्टेंबर १९४८. निजामी टपाल भारतीय टपालखात्यात आलं ते १ एप्रिल १९५० रोजी. मधलं दीड वर्ष राज्य भारताचं, तिकीट निजामाचं. या काळातल्या ग्रामीण पाकिटांचा भाव आज अगदीच कमी आहे, आणि तो कमी आहे कारण तारीख कोणी वाचत नाही. भूम, परंडा, कळंबच्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर ती अजून असणार. सापडली तर तिकीट सोडवू नका, आतलं पत्र वेगळं करू नका, आणि एकाच दुकानाचा गठ्ठा असेल तर तो फोडून विकू नका.