गिरणीतला डबा आणि महासंगणक

विद्यापीठाचा महासंगणक म्हणजे गावची पिठाची गिरणी समजा. सगळ्यांची मिळून एकच, डबा नंबराला लावायचा. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ बसला, तो याच जातीचा. पण इथं दळण टाकायला बहुधा काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप कराव्या लागतात. एक अक्षर चुकलं की काम परत. घरी कॉम्प्युटर नसलेली पोर तिथंच बिचकते. हुशारी कमी म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरनं त्यावर ‘ओपन ऑनडिमांड’ काढलं, कुठल्याही विद्यापीठाला फुकट. साध्या ब्राउझरमध्ये फॉर्म भरायचा, बटण दाबलं की डबा रांगेत. कॉलेजातल्या लेकीला एवढं सांगा, वेळ उगीच जास्त मागू नकोस. छोटं दळण गिरणीवाला मध्येच काढून देतो ना, तसंच तिथंही होतं.