निनावी वीरांचे दगड

वीरगळ: लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. वाचायची खालून वर. तळाला लढाई किंवा पडलेला योद्धा, मधल्या पट्टीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव कोरलेले नसते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध आहे.

सतीशिळा: सती गेलेल्या स्त्रीची स्मृतिशिळा. ओळखीची खूण म्हणजे कोपरात वळलेला, बांगड्या ल्यालेला हात. वीरगळाशेजारी असली तरी वेगळी नोंदवावी.

समाधी: दहनस्थळी किंवा स्मरणार्थ बांधलेला चौथरा, कधी वर छत्री. रायगड जिल्ह्यात उमरठ (ता. पोलादपूर) येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ते पडले ती सिंहगडची लढाई: फेब्रुवारी १६७०.

युद्धस्मशानभूमी: राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाची स्थापना १९१७. पुण्यात खडकीला दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या कबरी आहेत. तेथील स्मारकावर पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक नावे. हे सैनिक अन्यत्र पुरलेले, पण त्या कबरींची देखभाल आता शक्य नाही.

स्वयंसेवकांसाठी:
- माती मऊ कोरड्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश, ॲसिड, तेल, रंग, शेंदूर नको.
- फोटो, मापे, जागेची नोंद घ्या. गावातल्या जुन्या माणसांना विचारा.
- शिळा जागेवरून हलवू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा.