पेशीचे दार

चेन्नईच्या टी. नगर भागातील भारती नगर ही अल्प उत्पन्न गटाची वस्ती होय. ती आणि तिरुमंगलम येथील एशियाड कॉलनी ही मध्यमवर्गीय वसाहत मिळून १२६२ प्रौढांची पाहणी करण्यात आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वयातील फरक जमेस धरता, एशियाड कॉलनीत मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्के, तर भारती नगरात ६.५ टक्के होते. शहर एकच, मग जवळजवळ दुपटीचा हा फरक कशामुळे? आहार आणि वजन ही कारणे आहेतच. पण मध्यमवर्गीयांत अंगमेहनतही कमी होती, आणि तिचा संबंध स्नायुपेशींशी पोहोचतो.

उपाशीपोटी माणसाच्या सबंध रक्तात जेमतेम चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम, ग्लुकोज असते. एका जेवणातून त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज येते व त्याचा मोठा वाटा स्नायूंना उचलावा लागतो. परंतु पेशीचे पटल मेदद्रव्यांचे असल्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या ग्लुकोजला त्यातून सहजी वाट मिळत नाही. हे काम वाहक प्रथिने करतात. बाहेरच्या बाजूने ग्लुकोजचा रेणू धरावयाचा, स्वतःचा आकार पालटावयाचा आणि रेणू आत सोडावयाचा, अशी त्यांची रीत आहे. मेंदूतील पेशींच्या आणि तांबड्या रक्तपेशींच्या पटलावर असे वाहक सदैव हजर असतात. ते इन्शुलिनची वाट पाहत नाहीत.

स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत निराळी व्यवस्था आहे. तेथील ‘ग्लुट-४’ हा वाहक एरवी बहुतांशी पेशीच्या आतच, सूक्ष्म पिशव्यांत साठवलेला असतो. इन्शुलिन पटलावरील आपल्या ग्राहकाला चिकटले की आत संदेश जातो, पिशव्या पटलाशी येऊन त्यात मिसळतात आणि काही मिनिटांत वाहकांची संख्या वाढते. इन्शुलिन ओसरले की ते पुन्हा आत ओढले जातात. ही हालचाल उंदरांच्या मेदपेशींत १९८० साली दिसून आली. प्रत्यक्ष प्रथिनाची ओळख मात्र १९८८-८९ मध्ये पटली. इन्शुलिनला किल्ली म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो अपुराच. येथे दारच आतून आणून भिंतीत बसवले जाते!

प्रौढपणी जडणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात हा संदेश क्षीण होतो. रक्तात इन्शुलिन असूनही पुरेसे वाहक पटलावर येत नाहीत. मात्र आकुंचन पावणारा स्नायू त्यांना दुसऱ्याच मार्गाने बोलावतो. त्याला इन्शुलिनच्या संदेशाची गरज नसते, आणि मधुमेही माणसातही हा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत राहतो.

पाहणीचे निष्कर्ष समजल्यावर एशियाड कॉलनीतील रहिवाशांनी स्वतः पैसे उभारून फिरण्यासाठी उद्यान तयार केले. तेथे नियमित व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून ५८.७ टक्क्यांवर गेले.