भ्रमणध्वनी संचाची निर्जंतुक स्वच्छता

साबणाने धुतलेले हात पुन्हा भ्रमणध्वनी संचाकडेच वळतात, आणि धुण्याचे श्रम वाया जातात. संच पुसण्यापूर्वी तो बंद करून चार्जरपासून अलग करावा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेले मऊ कापड त्यावरून हलकेच फिरवावे. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ॲपल कंपनीनेही अशा अल्कोहोलच्या वापरास संमती दिली. शुद्ध अल्कोहोल अधिक गुणकारी, हा समज मात्र चुकीचा आहे. ते झटकन उडून जाते, शिवाय जंतूंतील प्रथिने नष्ट होण्यास थोडे पाणी लागतेच. द्राव थेट संचावर फवारल्यास छिद्रांतून ओलावा आत शिरतो. ब्लीचिंगचे द्रावण तर वर्ज्यच. काचेवरील तेलरोधक पातळ लेप त्याने उतरतो. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने हे काम स्वयंपाकाच्या शेगडीपासून दूर करावे आणि संच पूर्ण वाळल्यावरच चालू करावा.