ढाल कुणाला फळते

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमचे नियम आमच्या गटापुरते जुळवायला बसलो, की तलवारी, मंत्र, घोडे पटापट उरकतात. घोडं अडतं ते ढालीपाशी.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या आवृत्तीत ढाल आर्मर क्लास, म्हणजे खेळाडूंच्या तोंडचा ‘एसी’, दोनने वाढवते. (पूर्वी एसी जितका कमी तितका चांगला असे; २००० साली तो सुलटा केला, बरं झालं.) हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला बोनस मिळवतो. बेरीज एसीला पोचली की वार लागला. राक्षसाचा बोनस पाच धरू. एसी १० असलेल्या उघड्या गड्याला शंभरातले ८० वार लागतात, ढाल दिली की ७०. पोलादी पत्र्यांचं पूर्ण चिलखत घातलेल्याचा एसी १८. त्याला ४० लागतात, ढालीसकट ३०. दोघांचेही दहाच वार वाचले. पण पहिल्याचा मार आठव्या हिश्श्याने कमी झाला, दुसऱ्याचा चौथ्या. ज्याला गरज कमी, त्यालाच ढाल दुप्पट फळते. राक्षसाचा बोनस वाढवावा, तर चिलखतवाला तग धरतो आणि शेजारचा जादूगार आधी आडवा होतो.

त्यात कुणीतरी विचारतंच, ‘चिलखत वार चुकवतं कसं? ते तर सोसतं ना?’ रास्त आहे. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये वार अंगाच्या ज्या भागावर बसेल, तिथलं चिलखत इजेतून आकडा वजा करतं. हेच आमच्या खेळात तीन वजा करून आजमावलं. खंजिराचा फासा चार बाजूंचा. चार पडले तरच एकाची इजा, एरवी शून्य. सहा बाजूंच्या दोन फाशांच्या दोनहाती तलवारीची सरासरी मात्र सातवरून चारवरच येते. खंजीरवाला चोर झालेला खेळाडू थोड्याच वेळात मोबाइल बघू लागला.

१९८६च्या ‘गर्प्स’मध्ये तर वार आला की बचाव करणाराही फासे टाकतो: अंग चुकव, शस्त्राने अडव, नाहीतर ढालीवर घे. त्यातूनही लागला तर चिलखत वजा करतं. मला हे मनापासून आवडतं, कारण मार खाणाऱ्यालाही काहीतरी करायला मिळतं. पण सहा गोब्लिन एकदम अंगावर आले की एकेक फेरी संपता संपत नाही.

म्हणून ढालीच्या दोनाला हात लावत नाही. चिलखताची १५०० सोन्याची नाणी ही किंमत चार मोहिमांनंतर कुणाला जाणवत नाही. खडखडाटाची जाणवते: लपून जाताना दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा, हा नियम मी कधीच सोडत नाही. आणि एखादी लढाई ड्रॅगनशी ठेवतो. त्याच्या आगीतून वाचायला चपळाई लागते, आणि चिलखतवाल्याने तीच कमी घेतलेली असते. तिथे एसी कुणी विचारत नाही.