घामातले मीठ काय सांगते?

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुले फार होती. या आजारात फुप्फुसात चिकट कफ साठतो आणि स्वादुपिंड निकामी होते. पण त्याचा उन्हाशी काय संबंध? डॉ. पॉल दि सान्त आग्नेझे यांनी या मुलांचा घाम तपासला आणि १९५३ मध्ये उत्तर जाहीर केले: त्यात मीठ कितीतरी पटींनी जास्त होते.

घामग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो सगळ्यांचाच रक्ताइतका खारट असतो. बारीक नळीतून त्वचेकडे येताना शरीर त्यातले बरेचसे मीठ परत घेते. क्लोराइडला आत घेणारे दार म्हणजे सीएफटीआर नावाचे प्रथिन. आई आणि वडील दोघांकडूनही त्याचे सदोष जनुक आले, की हे दार उघडत नाही आणि मीठ घामाबरोबर वाहून जाते.

निदान आजही याच घामावर होते. पूर्वी घाम यावा म्हणून मुलांना गुंडाळून ठेवत, आणि ते जिवावर बेतू शकत असे. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी सुरक्षित वाट काढली. हातावर पायलोकार्पिन हे औषध लावून पाचेक मिनिटे सौम्य वीजप्रवाह सोडायचा, मग अर्धा तास तेवढ्याच जागेचा घाम गोळा करायचा. सुई नाही, रक्त नाही. क्लोराइड लिटरमागे ६० मिलीमोल किंवा जास्त भरले तर आजार जवळपास नक्की; ३० च्या खाली असेल तर शक्यता कमी. मधल्या आकड्यांना जनुकचाचणी लागते.

जनुकचाचणीचा अहवाल मात्र जपून वाचावा. १९८९ मध्ये सापडलेल्या या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. युरोपीय रुग्णांत सर्वाधिक आढळणारा बदल भारतीय रुग्णांत तुलनेने कमी दिसतो. त्यामुळे मोजकेच बदल शोधणारी चाचणी 'निर्दोष' आली, तरी आजार नाही असे ठरत नाही.

अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्तथेंबावरून संशय वेळीच येतो. भारतात अशी सार्वत्रिक तपासणी नाही, आणि हा गोऱ्यांचा आजार हा समज अजून पुरता गेलेला नाही. त्यात मुलांची मोलाची वर्षे जातात. काहींना क्षयाची औषधेही दिली जातात. मूल भरपूर खाऊनही अंग धरत नसेल, शी तेलकट आणि अतिशय दुर्गंधी असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: घामातील क्लोराइडची तपासणी करायची का?